शेवटच्या खणातली ठकठक

पारोळ्यात मला कोणी विचारलं, "भाऊ, जळगावात काय करायचे तुम्ही?" तर मी "शिकवायचो" एवढंच सांगून मोकळा होतो. काय शिकवायचो ते सांगितलं की पुढचा अर्धा तास वाया जातो. गोल्फ! खानदेशात! जिथे मे महिन्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथे उन्हात उभं राहून काठीने पांढरा चेंडू लांब मारायचा आणि मग तो शोधायला माणूस पाठवायचा. माझ्या सख्ख्या मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "अन् यान्हा तुले पगार देतस?"

देत होते हो. फौजेत असताना छावणीच्या मैदानावर साहेबलोकांच्या पिशव्या उचलता उचलता मी हा खेळ शिकलो. पुढे साहेबांच्या मुलांना शिकवू लागलो. हवालदार म्हणून घरी आलो, तेव्हा जळगावच्या एका उद्योजकांनी शहर संपतं तिथे, धुळ्याच्या रस्त्याला, आपल्या पडीक जमिनीवर सरावाचं मैदान काढलं होतं आणि शिकवायला माणूस मिळत नव्हता. मी गेलो, काठी हातात घेतली, चार चेंडू मारून दाखवले. मालक म्हणाले, "उद्यापासून या."

मैदान म्हणजे टीव्हीवरचं हिरवंगार काही डोळ्यांपुढे आणू नका. ड्रायव्हिंग रेंज म्हणतात त्याला, नुसता सरावाचा पट्टा. एका अंगाला पत्र्याची लांब शेड. शेडच्या दोन खांबांमधल्या जागेला आम्ही खण म्हणायचो. एकेका खणात एक चटई, एक बादलीभर चेंडू आणि समोर मोकळं रान. रानाच्या शेवटाला एक निंबाचं झाड. तिथवर चेंडू गेला की तो माणूस त्या दिवशी घरी जेवताना खूप बोलायचा. शेडच्या बाजूला भोकात चेंडू ढकलायच्या सरावासाठी एक गोल केला होता. त्याला इंग्रजीत ग्रीन म्हणतात. आमच्याकडे गवत टिकेना, म्हणून रेतीत गाड्यांचं जळकं ऑईल कालवून ती थापली होती. नाव ग्रीन, रंग काळा. पुण्याचे पाहुणे हसायचे. हसू देत, चेंडू सरळ जायचा.

जमीन मात्र कापसाची काळी. उन्हाळ्यात ती अशी तडकते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. चेंडू भेगेत गेला की गेला. मग पुढच्या साली नांगर फिरला की एखादा वर येतो, पिवळा पडलेला. आमचा रखवालदार सुपडू भाऊ असले चेंडू हातात घ्यायचा नाही, पायाने बादलीकडे ढकलायचा. "जमीननी गियेल वस्तू शे," म्हणायचा. जमिनीने गिळलेली वस्तू. हा सुपडू भाऊ पिंपळनेरकडचा, माझ्याहून वयाने मोठा, मला हवालदारच म्हणायचा आणि माझ्या प्रत्येक वाक्याला फाटा फोडायचा.

आता शिकवण्याचं सांगतो. लोकांना वाटतं, गोल्फ शिकवणं म्हणजे असे उभे राहा, तसा हात न्या. ते यूट्यूबवर फुकट मिळतं. माझी पद्धत वेगळी होती. पहिल्या दिवशी मी काठी हातातच द्यायचो नाही. खुर्चीवर बसवायचो, चहा द्यायचो आणि विचारायचो, "तुमचा हात कशाला सवयीचा आहे?" माणूस गोंधळतो. पण प्रत्येकाच्या हाताने आयुष्यात काहीतरी एक काम हजारदा केलेलं असतं, आणि काठी धरली की तेच काम बाहेर येतं. ते ओळखलं की निम्मं शिकवून झालं.

एक जिनिंगवाले शेठ होते. कापूस बघताना चिमटीत धरून धागा किती लांब ते ओढून बघण्यात जन्म गेलेला. काठी धरायची कशी हे मी सगळ्यांना भरताच्या वांग्यावरून सांगायचो, की भाजलेलं वांगं देठाला धरता ना, तसं धरा, सैल धराल तर निसटेल, आवळाल तर देठ हातात येईल. शेठना ते सांगावंच लागलं नाही. असा हात मी साहेबांमध्येही पाहिला नव्हता. फक्त काठी वर गेलेली असताना फोन वाजला की शेठ तशीच वर ठेवून फोन घ्यायचे. "काय भाव निघाला?" विचारून, उत्तर ऐकून, मग खाली आणायचे. धुळ्याचा एक पहिलवान यायचा. त्याने पहिल्याच फटक्यात चेंडू जागेवर ठेवून चटई पुढच्या खणात पाठवली. एक अधिकारी बाई होत्या, चेंडू चुकला की चेंडूलाच सॉरी म्हणायच्या.

या सगळ्यांची एक खोड मात्र सारखी. मारल्याबरोबर मान वर. चेंडू कुठे गेला ते बघायची घाई. मान वर झाली की खांदा उचलला जातो, खांदा उचलला की चेंडू भलतीकडे. म्हणून माझं एकच पालुपद असायचं, "तुम्ही मारा आणि खालीच बघा. चेंडू कुठे गेला ते बघायला मी आहे." मारून झाल्यावर खालीच बघत त्यांनी विचारायचं, "गेला का?" आणि मी सांगायचं, "गेला" किंवा "नाही गेला". शिक्षक म्हणून माझं खरं काम काय होतं, तर दुसऱ्याचा चेंडू बघायचं. त्यात मी पटाईत. चेंडू पडला की कोरड्या रानात धुळीचा फुटाणा उडतो, तो मला कितीही लांबून दिसायचा. माझ्या नजरेतून चेंडू सुटला असं कधी झालं नाही. एकदा झालं, तेच सांगायला बसलोय.

असोद्याचा हेमंत. घरची केळीची बाग, आणि हा स्वतः केळी उत्तरेकडे पाठवायचा. तिकडचे व्यापारी गोल्फ खेळतात म्हणून शिकायला आला आणि व्यापारी राहिले बाजूला, स्वतःच नादावला. दर रविवारी यायचा, शेवटच्या खणात उभा राहायचा. हात कशाला सवयीचा म्हटल्यावर हसून म्हणाला, "सर, मोबाइलला." मी सोडून दिलं. पण त्याच्या दोन गोष्टी मला कधी उलगडल्या नाहीत. चेंडू मारण्याआधी तो काठीच्या पाठीने चटईवर दोनदा ठोकायचा. ठक, ठक. आणि ओठ हलायचे. काय पुटपुटतोस विचारलं तर म्हणायचा, "मी? काही नाही." त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याची काठी चेंडूला लागल्याबरोबर थांबायची. पुढे जायचीच नाही. गोल्फमध्ये चेंडू मधे लागतो, फटका त्याच्या पुढे जाऊन संपतो. याचा फटका चेंडूवरच संपायचा, कोणी मनगट धरल्यासारखा.

एका रविवारी तो आला नाही. मैदानावर यायला निघाला होता, हायवेवर ट्रकने उडवलं, जागीच गेला. काठ्यांची पिशवी गाडीत होती, तिला ओरखडासुद्धा नव्हता असं ऐकलं. मी मातीला जाऊन आलो, लांबूनच.

त्यानंतर उन्हाळा लागला. सकाळचे लोक नऊ-दहाला जायचे, संध्याकाळचे पाचनंतर यायचे. मधल्या वेळी मी शेडमध्ये बाकावर आडवा व्हायचो. एका दुपारी झोपेत ऐकलं. ठक, ठक. वाटलं, कोणीतरी आलं. उठून पाहिलं, तर शेडभर कोणी नाही. शेवटच्या खणातली चटई रिकामी. दुसऱ्या दिवशी परत. दोनदा, आणि मग काही नाही. तेच वाईट होतं. गोल्फच्या माणसाला ठोकल्यानंतर फटक्याच्या आवाजाची सवय असते. कान तसाच ताटकळत राहायचा, आणि फटका यायचाच नाही.

सुपडू भाऊने त्या टोकाला बसणं सोडलं. म्हणाला, "हवालदार, आठे कोनी तरी शे. मी तठे नही बसाव."

मी म्हटलं, "पत्रा शे तो. ऊनमा तपना का वाजस."

"पत्रा मोजीसन वाजस का?" तो म्हणाला.

पत्रा मोजून वाजतो का! मी बाक शेडच्या या टोकाला आणून टाकला. मालकांना सांगितलं नाही, शिकायला येणाऱ्यांना तर नाहीच. त्यात मालकांनी जमीन प्लॉटिंगवाल्याला दिल्याची बातमी आली. अखाजीचा सण झाला की जेसीबी लागणार, मैदान बंद. माझ्या डोक्याला तोच भुंगा लागला होता.

अशा एका भर दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. साठीपुढची बाई उतरली. डोक्यावर ओला पंचा, पायात साध्या चपला, आणि खांद्यावर हेमंतची काठ्यांची पिशवी. ती पिशवी जड असते, पण तिने सहज पेलली होती. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर तुम्हीच का? मी हेमूची माय."

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. गावात तिला सगळे अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणू लागलो. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "मले शिकवा हे."

"कशाला, अक्का?"

तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "आमच्या केयीच्या बागात दुपारची ठकठक व्हते. दोनदा. मंग काहीच नाही."

मी वळून शेवटच्या खणाकडे पाहिलं. मी या बाईला आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या शेडमधलं मी सुपडू भाऊशिवाय कोणाजवळ बोललो नव्हतो.

"त्याचं काहीतरी अडकेल आहे, बापा," ती म्हणाली. "पुढचं व्हत नाही त्याच्यानं. घरी मले सांगे, माय, चेंडू बरोबर लागला तं हाताले काहीच लागत नाही म्हने. मी मारू राह्यलो, मारू राह्यलो, पन एकदाबी तसं नाही झालं. तेच राह्यलं त्याचं."

हे खरं असतं. काठीच्या तोंडावर मधोमध रुपयाएवढी जागा असते. चेंडू तिथे लागला तर हाताला हादरा बसत नाही, वजन कळत नाही, आपण मारलं की नाही असा संशय यावा. जरा इकडेतिकडे लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या. त्या एका 'काहीच नाही'साठी लोक जन्मभर खेळतात. हेमंतला ते मिळालं नव्हतं, कारण त्याची काठी थांबायची.

"अखाजीले त्याची पहिली घागर भरनं आहे," अक्का म्हणाली. "तो तठीच अडकेल राह्यला तं पानी प्याले येईन कसा? ते एकदा झालं पाह्यजे. त्याच्या हातानं नाही, तं माह्या हातानं."

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून ठेवतात, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या. वर्षात गेलेल्याची ती पहिली घागर. त्या पाण्यावर त्याचा उन्हाळा निघतो अशी आमच्या लोकांची समजूत. तुम्ही म्हणाल, हवालदार असून असल्या गोष्टी मानता? मी काही मानत नव्हतो. पण समोर एका मुलाची आई बसली होती आणि तो तहानलेला राहील म्हणत होती. "नाही" कसं म्हणू?

"घरी माहीत आहे?" एवढंच विचारलं.

"घरी सांगितलं तं माह्यावरच उतारा करतीन," अक्का म्हणाली, आणि त्या परिस्थितीतही आम्ही दोघं हसलो.

दुपारच्याच वेळी शिकवायचं ठरलं. घर त्या वेळी झोपलेलं असतं, आणि ठकठकही दुपारचीच. कुठल्या खणात उभ्या राहता विचारलं तर तिने कोणी न सांगता शेवटचा खण धरला. पिशवीतून हेमंतचा हातमोजा काढला. गोल्फला डाव्या हातात कातडी मोजा घालतात. घामाने भिजून वाळला की तो हाताच्या आकाराचा होऊन बसतो. हेमंतचा मोजा मूठ वळलेलाच होता. आत हात नाही, पण काठी धरल्यासारखी बोटं. अक्काने त्यात आपली बोटं एकेक करून घातली. मी दुसरीकडे बघितलं.

मग माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "अक्का, हात कशाला सवयीचा आहे?"

"केयीचे घड तोडाले. सासू गेली तसा कोयता माह्याच हातात."

मी सात नंबरची काठी दिली, चेंडू ठेवला, मागे सरकलो. अक्का वाकली. काठी उलटी करून तिच्या पाठीने चटईवर ठोकलं. ठक, ठक. आणि ओठ हलले.

मी ओरडलोच. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

ती दचकली. "काय? हे? अवं, कोयत्याची सवय. घड तोडाच्या आधी झाडाले दोनदा ठोकना पडते. आत विंचू राहतो, एखांद्या वेळी साप राहतो. त्याले आधी सांगावं, निघ बापा, मी येऊ राह्यले. मंग तोडावं." मोजा ओढून नीट करत म्हणाली, "हेमू ल्हान व्हता तं बांधावर बसून पाहे."

म्हणजे ते होय. 'निघ बापा.' रविवारमागून रविवार माझ्यासमोर पोरगा ते म्हणत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मला आधी हायसं वाटलं, एक कोडं सुटलं म्हणून. मग अक्काने सहज विचारलं, "मास्तर, पन ठोकनारा तं तोडनारा राहतो. निघना पडते आतल्याले. तं हा कोनाले ठोकू राह्यला?"

पत्रा तडतडला. मग तिनेच म्हटलं, "मलेच म्हनत असीन. तो गेल्यापासून मी बागातच बसेल राहते दुपारभर." आणि काठी सरळ धरून परत वाकली.

बाईचा हात फार चांगला होता. पाय घट्ट, कंबर मोकळी, नजर स्थिर. आणि माझी सगळी हयात गेली ते लोकांना शिकवण्यात, ती गोष्ट तिला आपोआप येत होती. ती मान वर करायची नाही. घड तोडताना वर बघितलं तर चीक डोळ्यांत जातो. मारून झालं की खालीच बघत विचारायची, "गेला का?" आणि मी म्हणायचो, "नाही गेला, अक्का."

कारण काठी थांबायची. हेमंतसारखीच, अगदी चेंडूवर. त्याचंही कारण आता समजलं. घड देठातून सुटला रे सुटला की कोयता थांबवायचा असतो. नाहीतर घड खाली आदळतो, केळीला मार लागतो. जन्मभराची ती मनगटं, लागलं की थांब.

"अक्का, थांबू नका, पुढे जाऊ द्या. घड पडू द्या."

"पडू कसा देऊ? डाग पडतो. डागाचा माल कोन घेतो?"

"इथे घड नाही, चेंडू आहे!"

"मले मालूम आहे, बापा. हाताले मालूम नाही."

सगळे उपाय केले. पुढे दुसरा चेंडू ठेवून तोही मारा म्हटलं. चेंडूशिवाय नुसती काठी फिरवायला लावली, तेव्हा सुरेख फिरायची. चेंडू ठेवला की मनगट थांबलंच. ती रोज यायची, कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायची, सुपडू भाऊला आणि मला आधी वाढायची, मग उन्हात उभी राहायची. हाताला फोड आले. फाटकाबाहेर प्लॉटिंगवाल्याने चुन्याच्या रेघा मारायला सुरुवात केली. अखाजी उद्यावर आली आणि चेंडू एकदाही गेला नव्हता. मी चिडलो होतो, तिच्यावर नाही, स्वतःवर. एवढे साहेब शिकवले आणि एका आईचा एक फटका होईना.

त्या शेवटच्या दुपारी वारा पडला होता. निंबाचं पान हलत नव्हतं. अक्काने मोजा घातला. चेंडू ठेवून मी मागे झालो, आणि तिने काठी उचलायच्या आधीच वाजलं. ठक, ठक.

तिची काठी अजून पायाला टेकलेली होती. मी ती बघत होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या आवाजाचं नाव कोणी काढलं असतं तर मी फाटकाबाहेर पळालो असतो, हे खरं सांगतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अक्का, घड तोडताना झेलायला कोण असायचं?"

"पहिले घरचे. मंग हेमू मोठा झाला तं हेमूच. खांद्यावर गादी घेऊन उभा राहे. म्हने, माय, तू तोड बिनघोर, मी आहे."

माझ्या तोंडून गेलं, "मग तोडा, अक्का. झेलणारा आहे."

मी ते युक्ती म्हणून बोललो. झेलणारा म्हणजे मी, समजा मी खांदा लावून उभा आहे, असं मला म्हणायचं होतं. निदान आजवर मी तसंच समजत आलोय. पण अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मान वर करून समोर रानात पाहिलं, निंबाच्या दिशेने, बराच वेळ. तिचा चेहरा ओळखीचं कोणी दिसल्यासारखा सैल झाला. मग तिने मान खाली घातली, दोनदा ठोकलं, ओठ हलवले आणि काठी उचलली.

काडी मोडावी तेवढाच आवाज आला. लहान आणि कोरडा. काठी थांबली नाही. चेंडूतून पुढे गेली, वर गेली, अक्काच्या डाव्या खांद्यामागे जाऊन विसावली. चेंडू वर चढताना मी पाहिला. अगदी सरळ.

अक्का खालीच बघत होती. "गेला का?"

"गेला, अक्का."

ती तशीच वाकून उभी. मग हलक्या आवाजात म्हणाली, "हाताले काहीच नाही लागलं, मास्तर. काहीच नाही." माझ्या डोळ्यांना धार लागली. उगाच उन्हाचं नाव कशाला घेऊ? मी रडलो.

तिने मोजा काढला, बोटं न मोडता अलगद पदरात बांधला. "मंग आता मीबी निघते," म्हणाली. काठ्या तिथेच ठेवल्या, कोणा होतकरू पोराला द्या म्हणाली. फाटकापर्यंत गेली, एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आता नजरेचं सांगतो. तो चेंडू वर चढलेला मी पाहिला, पडलेला पाहिला नाही. धुळीचा फुटाणा उडाला नाही, आवाज आला नाही. सुपडू भाऊला घेऊन मी निंबापर्यंत आणि निंबाच्या पुढे कुंपणापर्यंत रान पालथं घातलं. शेवटी म्हटलं, "भेगेत गेला असेल."

"हाव," सुपडू भाऊ म्हणाला. "भेगमाच गया व्हई."

माझ्या प्रत्येक वाक्याला फाटा फोडणारा माणूस, एका शब्दात कबूल झाला आणि पाय उचलून चालू लागला. मला त्या ठकठकीपेक्षा त्याच्या त्या 'हाव'ची भीती जास्त वाटली.

अखाजीनंतर ठकठक झाली नाही. मी मुद्दाम बाक परत त्या टोकाला नेऊन दुपारभर पडून राहिलो. पत्रा वाजायचा, पण पत्र्यासारखा, कसाही, केव्हाही. खोटं कशाला बोलू, मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या संध्याकाळी सामान टेम्पोत चढलं. सुपडू भाऊ फाटकाशी कुलूप घेऊन थांबला. शेवटच्या खणातली चटई तेवढी राहिली होती आणि बादलीच्या तळाशी एक चेंडू. मी चटई गुंडाळायला वाकलो, आणि का कोण जाणे, हातातल्या काठीच्या पाठीने त्यावर दोनदा ठोकलं. "निघ बापा," म्हटलं, "उद्या मशीन येणार."

म्हणून झाल्यावर लक्षात आलं की ठोकलं म्हणजे आता मारायला हवं. ते तसंच अर्धवट टाकून जायची माझी छाती होईना. चेंडू ठेवला आणि मारला. हाताला काहीच लागलं नाही. इतक्या वर्षांत असा फटका माझा मलाच आठवत नाही. मान मी खालीच ठेवली, आणि सवयीने तोंडातून गेलं, "गेला का?"

शेडमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं. उत्तर यायच्या आत मी काठी तिथेच टाकली आणि भराभर फाटकाकडे चालू लागलो.